नव्वद अंशांच्या पलीकडे

जपानमध्ये फुजी पर्वताच्या जवळ फुजी-क्यू हायलँड नावाचं मनोरंजन उद्यान आहे. 16 जुलै 2011 रोजी तिथे ‘ताकाबिशा’ हा रोलर कोस्टर लोकांसाठी खुला झाला. त्याच्या मुख्य उताराचा कोन आहे 121 अंश. शाळेत कंपासपेटी हाताळलेला कुणीही या आकड्यापाशी अडखळेल. सपाट जमीन शून्य अंशांची, उभी भिंत 90 अंशांची. मग उतार त्याहून जास्त अंशांचा असेल कसा?

कागदावर रेघ ओढून बघा. 43 मीटर उंचीच्या माथ्यावरून रूळ पुढे झुकतात, सरळ खाली वळतात आणि उभी रेष ओलांडून पुन्हा मनोऱ्याकडे, आतल्या बाजूला तिरपे होतात. त्या तिरप्या भागात डबा रुळांवर नसतोच, तो रुळांखाली लटकलेला असतो. डब्यात आठ माणसं, सगळ्यांची तोंडं जमिनीकडे आणि रूळ त्यांच्या पाठीमागे, वरच्या अंगाला.

या खेळाविषयी बोलताना लोक भीतीबद्दल बोलतात, आणि ते साहजिक आहे. मला मात्र त्यातल्या वळणांचं अप्रूप वाटतं. पडायला माणसाला कुणाची मदत लागत नाही. ते काम गुरुत्वाकर्षण फुकट करतं. पण पडायचं ते कुठल्या वाटेने, पडताना शरीराला काय जाणवू द्यायचं आणि शेवटी त्याला अलगद कसं उचलून घ्यायचं, हे शिकायला माणसाला दोन शतकं लागली.

सुरुवात रशियातली. सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात हिवाळ्यात लाकडी सांगाड्यावर बर्फ चढवून उंच घसरगुंड्या करत. 1817 साली पॅरिसमध्ये तोच खेळ चाकांच्या गाड्यांवर आला. पुढे 1884 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्प्सन यांनी ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली. तिकीट 5 सेंट, वेग ताशी 10 किलोमीटरच्या आसपास. एका टोकाला पोहोचलं की सगळ्यांनी खाली उतरायचं, मग डबा ढकलून परतीच्या रुळावर चढवायचा आणि पुन्हा बसायचं. आज सायकलवरचं पोर त्यापेक्षा जोरात जातं, पण तेव्हा लोक रांगा लावून हे अनुभवायला येत.

वेग वाढवायचा तर अडचण उतारावर नव्हती, टेकाडाच्या माथ्यावर होती. गाडी जोरात माथ्यावर येते तेव्हा तिला सरळ पुढे जायचं असतं आणि रूळ तर खाली वळत असतो. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की चाकं रूळ सोडतात. त्यामुळे सुरुवातीच्या काळात टेकाडं बसकी ठेवावी लागत आणि उतार सौम्य. यावरचा उपाय अमेरिकन रचनाकार जॉन मिलर यांनी शोधला आणि 1919 साली त्याचं पेटंट घेतलं. उपाय एवढाच की रुळाच्या खालच्या बाजूलाही एक चाक लावायचं. गाडी उचलली जायला लागली की ते चाक खालून रुळाला टेकतं आणि तिला सुटू देत नाही.

हे चाक बघायला जपानला जायची गरज नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये ‘नायट्रो’ आहे. जवळपास 40 मीटर उंच, पाच वेळा उलटं करणारा, पायाखाली फरशी नसलेला. तो स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड माबिलार्ड या कंपनीचा आहे आणि ही कंपनी या लेखात पुढेही भेटणार आहे. फलाटावर उभं राहिलं की डब्याच्या बगलेकडे बघावं. तिथे चाकांची एक जुडी दिसते. वरची जाड चाकं गाडीचं वजन पेलतात. आडवी बसवलेली चाकं रुळाच्या बगलेला लागून राहतात आणि गाडी डावी-उजवीकडे सरकू देत नाहीत. आणि रुळाच्या पोटाखाली, सहज नजरेला न पडणारी, मिलर यांची चाकं. तिन्ही जातींच्या चाकांवर प्लास्टिकच्या जातीतल्या, पण फार चिवट अशा पॉलियुरेथेनसारख्या पदार्थाचं आवरण असतं. रूळ म्हणजे पोलादी नळी, त्यामुळे वरून, बगलेने आणि खालून अशी तिन्ही बाजूंनी तिला मिठी मारता येते. एकदा ही पकड बसली की गाडी रुळाच्या वर आहे, बाजूला आहे की खाली, याने रुळाला काही फरक पडत नाही. 121 अंशांचा उतार 1919 सालीच शक्य कोटीत आला, असं म्हटलं तर ते फारसं चूक नाही.

आता एक हिशेब मांडतो. मला स्वतःला या सगळ्या विषयात त्याहून सुंदर काही सापडलेलं नाही.

सरळ उतारावरून घसरताना तुमच्या वजनाचे दोन हिस्से होतात. एक उताराच्या दिशेने तुम्हाला खाली ओढतो, दुसरा तुम्हाला आसनावर दाबतो. कोनी आयलंडवर 1927 सालचा ‘सायक्लोन’ अजून धावतो. तो लाकडी रुळांचा आहे. त्याचा पहिला उतार 26 मीटरचा आणि सुमारे 58 अंशांचा. 58 अंशांवर वजनाचा 85 टक्के हिस्सा खाली ओढण्याचं काम करतो आणि 53 टक्के हिस्सा आसनावर दाबतो. (बेरीज 100 येत नाही म्हणून गोंधळू नका. हे हिस्से काटकोनात असतात, त्यांची बेरीज वर्ग करून होते.) 90 अंशांवर पूर्ण वजन खाली ओढतं, आसनावरचा दाब शून्य. आणि 121 अंशांवर? खाली ओढणारा हिस्सा पुन्हा 86 टक्क्यांवर येतो!

म्हणजे उभी रेष ओलांडली की वेग वाढण्याचा दर कमी होतो. ताकाबिशाचा तो भयंकर तिरपा भाग आणि 1927 सालचा लाकडी सायक्लोन, दोघेही माणसाला जवळजवळ सारख्याच ओढीने खाली नेतात. फरक उरतो फक्त दुसऱ्या हिश्शाचा. सायक्लोनवर निम्मं वजन आसनावर टेकलेलं असतं. ताकाबिशावर तेच निम्मं वजन उलट्या दिशेने, खांद्या-मांड्यांवरच्या पट्ट्यावर लटकतं. एक उतार दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब आहे. 90 अंशांच्या पलीकडे जाऊन वेग मिळत नाही, मिळते ती जागेवरून निसटत असल्याची जाणीव, आणि रचनाकारांना नेमकी तीच हवी होती.

पण रूळ असे वळवायचे तर लाकूड पुरेसं नव्हतं. लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्यांचे थर आणि वर पोलादी पट्टी. त्याला सौम्य बाक देता येतो, पण अचूक आणि घट्ट वळण देणं कठीण. पोलादी नळी मात्र कारखान्यात हव्या त्या दिशेने वाकवता येते आणि तिचे तुकडे जागेवर नेऊन बोल्टांनी जोडता येतात. 1959 साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँडचा ‘मॅटरहॉर्न’ सुरू झाला, तो अशा नळीच्या रुळांवरचा. अॅरो डेव्हलपमेंट या कंपनीचं ते काम. पोलादी कोस्टरचं युग तिथून धरतात.

तरी नुसतं साहित्य मिळून भागत नाही, वळण कसं आखायचं हे कळावं लागतं. त्याची किंमत आधीच्या पिढीने मानेने चुकवली होती. 1895 साली कोनी आयलंडवरच ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचा कोस्टर आला, ज्यात गाडी पूर्ण गोल फेरा मारून उलटी होई. फेरा चक्क वर्तुळाकार होता. वर्तुळाकार फेऱ्यात माथ्यावर जेमतेम टिकण्याइतका वेग ठेवायचा म्हटलं, तरी तळाशी शरीरावर वजनाच्या सहापट भार येतो. आणि तोही हळूहळू येत नाही. सरळ रूळ संपून वर्तुळ सुरू होतं त्या बिंदूवर एकपटीचा भार एका झटक्यात सहापट होतो. लोकांच्या मानांना दुखापती व्हायला लागल्या आणि तो खेळ फार वर्षं टिकला नाही.

या प्रश्नाचं उत्तर आलं ते जर्मनीतून. कोस्टर बनवणारे अँटोन श्वार्झकॉफ आणि अभियंता वेर्नर स्टेंगेल या जोडीने 1976 साली कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटनसाठी ‘रेव्होल्यूशन’ उभा केला. त्यातला फेरा वर्तुळ नव्हता, उलट्या अश्रूच्या आकाराचा होता. तळाशी वळण पसरट, वर जाताना ते आवळत जातं, माथ्यावर सर्वांत घट्ट. गाडीचा वेग तळाशी जास्त असतो तिथे वळण मोठं, माथ्यावर वेग मंदावतो तिथे लहान. या वक्राला क्लोथॉइड म्हणतात आणि रेल्वेचे अभियंते तो आधीपासून वापरत होते, सरळ मार्गावरून वळणावर जाताना डब्यांना हिसका बसू नये म्हणून. स्टेंगेल यांनी दुसरीही एक गोष्ट रुजवली. गाडी पीळ घेते तेव्हा ती रुळाभोवती फिरवण्याऐवजी बसलेल्या माणसाच्या छातीभोवती फिरवायची. मग डोकं बाहेर भिरकावलं जात नाही. शरीर जागेवर राहतं आणि रूळ त्याच्याभोवती फिरतो. कागदावर आधी माणसाच्या हृदयाचा मार्ग आखायचा आणि त्यावरून रुळाचा. मला वाटतं, या धंद्यातला खरा क्रांतीचा क्षण हा.

आता उभ्या उताराकडे येऊ. 1989 साली अमेरिकेत ओहायोच्या सीडर पॉइंटवर आलेला ‘मॅग्नम’ 205 फुटांचा होता. 200 फूट ओलांडणारा पूर्ण फेरीचा पहिला कोस्टर. त्याचा उतार 60 अंशांचा. 2000 साली त्याच उद्यानात ‘मिलेनियम फोर्स’ 310 फुटांवर गेला, उतार 80 अंशांचा. उंचीच्या या शर्यतीची कथा बरेच जण सांगतात. माझं मन रमतं ते उंची नाकारली गेली त्या ठिकाणी.

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये आल्टन टॉवर्स आहे. तिथे झाडांच्या शेंड्यांच्या वर काही उभं करायला मनाई आहे, आसपासच्या गावांना क्षितिजावर लोखंड दिसायला नको म्हणून. अशा जागी उभा उतार कसा करायचा? जॉन वॉर्डली हे तिथले तेव्हाचे सल्लागार. त्यांनी आणि बोलिजर अँड माबिलार्डच्या मंडळींनी वर जाण्याऐवजी खाली जायचं ठरवलं. 1998 साली सुरू झालेल्या ‘ऑब्लिव्हियन’चा सांगाडा जमिनीपासून जेमतेम 65 फूट उंच आहे. पण उतार आहे 180 फुटांचा. उरलेले शंभराहून जास्त फूट जमिनीच्या पोटात आहेत. वरून दिसतं ते एक काळं भोक आणि त्यातून येणारं धुकं. कोन 87.5 अंशांचा, म्हणजे उभ्या भिंतीला अडीच अंश कमी, पण कडेवर बसलेल्याला ते अडीच अंश कुठून कळणार!

यात खरी कल्पकता कडेवर दिसते. लांबलचक गाडी कडेवरून जाते तेव्हा पुढच्या रांगेतले आधी सावकाश ओणवे होतात, मग गाडीचा मध्य कडा ओलांडतो आणि मागच्या रांगेला फरफटत खाली नेतो. एकाच गाडीत बसून प्रत्येक रांग वेगळा कोस्टर अनुभवते. ऑब्लिव्हियनची गाडी म्हणून लांब केलीच नाही, रुंद केली. आठ-आठ जणांच्या फक्त दोन रांगा. रूळ मधोमध चिंचोळा, दोन्ही बाजूंना माणसं अधांतरी. गाडी कडेवर येते, पुढे झुकते, आणि साखळी तिला तिथेच काही सेकंद धरून ठेवते. सोळा जणांच्या डोळ्यांपुढे भोक. ध्वनिमुद्रित आवाज सांगतो, खाली बघू नका. मग साखळी सोडते.

त्यापूर्वीच्या कोस्टरांमध्ये गाडी माथ्यावरून वाहत जात असे. इथे पहिल्यांदा पडण्याच्या आधीचा क्षण ताणून वेगळा काढला गेला. 2005 साली फ्लोरिडात ‘शेक्रा’ने 90 अंश गाठले आणि 2019 साली कॅनडात ‘युकॉन स्ट्रायकर’ 245 फूट खाली झेपावला, पण कडेवर थांबण्याची ती युक्ती सगळ्यांनी तशीच ठेवली.

भोक एवढं खोल का? पडल्यावर सावरायला जागा लागते म्हणून. ऑब्लिव्हियन तळाशी ताशी 110 किलोमीटरच्या आसपास वेगाने पोहोचतो, म्हणजे सेकंदाला साधारण 30 मीटर. वळणाचा भार वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून मिळतो. समजा, तळाचं वळण 5 मीटर त्रिज्येचं ठेवलं, तर शरीरावर वजनाच्या जवळजवळ वीसपट भार येईल. माणसाला ते झेपणार नाही. तेच 30 मीटर त्रिज्येचं ठेवलं तर भार चौपटीवर येतो. चौपट भार दोन-तीन सेकंद सुदृढ माणूस सहज सोसतो. गाल ओघळतात, हात उचलवत नाही, तेवढंच. पण 30 मीटर त्रिज्येचं वळण म्हणजे उभ्याचं आडवं होईपर्यंत 30 मीटर उंची खर्च होते. 55 मीटरच्या उतारातले 30 मीटर सावरण्यात गेले, काही वरच्या कडेच्या वळणात गेले, मग खऱ्या अर्थाने उभं उरतं ते किती? पंधरा-वीस मीटर. उभ्या उताराचा मोठा भाग उभा नसतोच. लोक ज्यासाठी तासभर रांगेत उभे राहतात ते सेकंद-दीड सेकंदाचं आहे आणि बाकीचा सगळा पोलादी खटाटोप ते सेकंद सुखरूप हातात देण्यासाठी.

त्या सेकंदात पोटात गोळा येतो तो का? जत्रेतल्या आकाशपाळण्यातही वरून खाली येताना हेच होतं, फक्त थोडं. आपलं जठर, आतडी, यकृत हे सगळं एरवी आपापल्या वजनाने खाली ओढलं जात असतं आणि आजूबाजूचे पडदे व स्नायू त्याला तोलून धरत असतात. जन्मापासून हा ताण असल्यामुळे आपल्याला तो जाणवत नाही. मुक्तपणे पडताना शरीर आणि आतले अवयव एकाच वेगाने पडतात, कुणी कुणाला ओढत नाही, आणि तो ताण एकदम नाहीसा होतो. मेंदूला कळतं की आत काहीतरी वर आलं. प्रत्यक्षात वर काही आलेलं नसतं. खालची ओढ तेवढी थांबलेली असते. कानाच्या आतल्या बारीक खड्यांचंही तेच होतं. एरवी ते खाली कुठे आहे हे सांगत असतात, इथे ते गप्प होतात, आणि डोळे मात्र जमीन धावून येताना बघत असतात.

उभी रेष पहिल्यांदा ओलांडली ती 2003 साली, डेन्मार्कच्या बॉनबॉन-लँडमध्ये, ‘विल्ड-स्विनेट’ या कोस्टरने. कोन 97 अंश. बनवणारी कंपनी जर्मनीची गेर्स्टलाउअर. तिचे संस्थापक आधी श्वार्झकॉफ यांच्याकडे काम करत आणि पुढे म्युन्स्टरहाउझेनमधला श्वार्झकॉफ यांचाच जुना कारखाना या कंपनीकडे आला. विद्येचं घराणं असतं ते असं. त्यांनी गाडी आणखी आखूड केली: एकच डबा, चार-चार जणांच्या दोन रांगा. डबा जितका आखूड, तितकं माथ्याचं वळण घट्ट करता येतं, आणि घट्ट वळणाशिवाय रूळ आतल्या बाजूला नेता येत नाही. अशा बहुतेक कोस्टरांवर डबा चढतोही सरळ उभा. पाठीवर निजून आकाशाकडे बघत वर जायचं आणि माथ्यावर पोहोचून जमिनीकडे बघत खाली.

मग शर्यत लागली. 2009 साली इंग्लंडमध्ये 112 अंश, 2011 च्या जुलैत फ्रान्समध्ये 113.1, आणि त्याच महिन्यात ताकाबिशाचे 121. त्यानंतर आठ वर्षं विक्रम हलला नाही. 2019 साली न्यू जर्सीतल्या एका मॉलच्या छपराखाली ‘शेलरेझर’ आला, तो 121.5 अंशांचा. फक्त अर्धा अंश पुढे!

या शर्यतीचा वेग असा का मंदावला याचं उत्तर मघाच्या हिशेबातच आहे. कोन वाढवत नेला की खाली ओढणारा हिस्सा घटत जातो आणि पट्ट्यावर लटकणारा वाढत जातो. 135 अंशांवर 71 टक्के वजन पट्ट्यावर येईल आणि तेवढंच खाली ओढेल. त्यापलीकडे माणूस पडण्यापेक्षा लोंबकळेल जास्त. शिवाय आत शिरलेले रूळ पुन्हा बाहेर काढायचे तर डब्याला जास्त अंशांतून वळावं लागतं, त्यासाठी जास्त उंची खर्च होते आणि मनोऱ्याचे खांब वाटेत येतात. एवढं सगळं करून बसणाऱ्याला 121 आणि 130 मधला फरक सांगता येईल का, मला शंका आहे.

शेवटी उरतो तो वेग. माथ्यावर साठवलेली ऊर्जा कुठेतरी सोडावी लागतेच. आताच्या बहुतेक मोठ्या कोस्टरांमध्ये ते काम चुंबकं करतात. डब्याखाली किंवा रुळांमध्ये तांब्याच्या अथवा अॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या आणि समोर बळकट चुंबकांच्या जोड्या. पट्टी चुंबकांमधून जाते तेव्हा तिच्यात भोवऱ्यांसारखे विद्युतप्रवाह उमटतात, ते गतीला विरोध करतात आणि वेगाचं रूपांतर पट्टीतल्या उष्णतेत होतं. घर्षण नाही, कशाला काही टेकत नाही, आणि वीज गेली तरी हा ब्रेक लागतोच, कारण त्याला वीज लागतच नाही. त्याची एकच मर्यादा. डबा मंदावला की विरोधही दुबळा होतो. डबा पूर्ण थांबवणं एकट्या चुंबकाला जमत नाही, म्हणून फलाटाच्या आधी रुळांमध्ये रबरी टायर बसवलेले असतात. शेवटचे काही मीटर डबा त्यांच्या आधाराने माणसाच्या चालीने पुढे सरकतो.